पेटीचे झाकण, दाराची कडी

दुपार उतरली की आमच्या परसात एक नेम पाळला जातो. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी हात धरून बाहेर आणते, भिंतीलगतच्या बाकावर बसवते, पाठीशी उशी देते आणि स्वतः शेजारी बसते. काही पावलांवर जुन्या जांभळीच्या सावलीत दोन मधपेट्या आहेत. कलत्या उन्हात परतणाऱ्या माशांची ये-जा तेथून स्पष्ट दिसते. काहींच्या मागच्या पायांना पिवळे, तर काहींच्या पायांना विटकरी परागाचे गोळे चिकटलेले असतात. आत्याबाई आता ८९ वर्षांच्या आहेत. माझे नाव त्यांना बहुतेक दिवशी आठवत नाही. जेवण झाले की नाही, हेही आठवत नाही. पण पेटीकडे पाहता पाहता त्या मध्येच म्हणतात, "आज लवकर परतल्यात. पाऊस यील." आणि पुष्कळदा तो येतोही.

महाबळेश्वरच्या डोंगराखाली, जावळीच्या खोऱ्यातले हे आमचे गाव. पुण्यात अध्यापनात तीस वर्षे काढून, यजमानांच्या निधनानंतर २०१९ च्या जूनमध्ये मी येथे राहावयास आले, ते आत्याबाईंची देखभाल करण्यासाठी. त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान त्याच वर्षी झाले होते. मधुमेह त्याआधीपासून होता. दिवसाचा पूर्वार्ध बरा जाई. चार वाजले की त्यांची चलबिचल सुरू होई. "मला घरी सोड," असे त्या म्हणत. "हेच तर आपले घर," असे मी सांगे, आणि त्या माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तशा पाहत. मग उठून परसदाराकडे चालू लागत. परसापलीकडे उतार आहे, उताराखाली ओढा. एकदा त्या ओढ्यापर्यंत पोचल्या. त्या दिवशी मी परसदाराला वरच्या बाजूस, त्यांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, नवी कडी बसवून घेतली. ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत त्यांना ही कडी परिचित असेल.

माशा तेव्हाही होत्या. जांभळीच्या ढोलीत सातेरीचे मोहोळ पिढ्यान्‌पिढ्या येत असे. आपल्याकडे मधमाशांचे मुख्य प्रकार चार. उंच कड्यांवर आणि झाडांवर एकच भले मोठे पोळे बांधणारी आग्या माशी, झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी, जवळजवळ डंखहीन असलेली इवलीशी पोयाची माशी आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधणारी ही सातेरी. काळोखात, बंद जागेत राहण्याची सवय असल्यामुळे सातेरी लाकडी पेटीत नांदते. आग्या माशी पेटीत राहत नाही. पूर्वी सासरे ढोलीशी धूर करून पोळी कापून घेत, ती फडक्यात पिळून मध काढीत. त्यात मधाबरोबर अळ्याही चिरडत आणि वसाहत बहुधा उद्ध्वस्त होई. पेटीमुळे हा संहार टळला. मधाच्या चौकटी वेगळ्या काढता येतात, यंत्रात फिरवून मध बाहेर येतो आणि रिकामे पोळे माशांना परत देता येते.

महाबळेश्वर हे महाराष्ट्रातील मधाचे माहेरघर. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथे आहे, आणि जवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. अशा मुलखात मधपाळ शोधावा लागत नाही. आमच्या वाडीतले एक वृद्ध मधपाळ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, यांच्याकडून मी २०१९ च्या हिवाळ्यात जुजबी शिक्षण घेतले. त्यांनीच ढोलीतली वसाहत पेटीत आणून दिली. पोळी अलगद कापून, चौकटींना दोऱ्याने बांधून त्यांनी ती आत बसवली. राणीमाशी आत गेली तशा बाकीच्या माशा तिच्यामागोमाग गेल्या. अण्णा जाताना एवढेच म्हणाले, "बाई, आता त्यांना त्यांचं काम करू द्या."

त्या वाक्याचा अर्थ मला कळायला एक वसाहत खर्ची पडली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. घरात आम्ही दोघीच. वेळ भरपूर आणि मनात भीतीही तेवढीच. मी रोज पेटीचे झाकण उघडून पाहू लागले. राणी आहे ना? अंडी दिसतात ना? मध किती भरला? पेटीच्या आत, जेथे पिल्ले वाढतात त्या भागात, माशा सुमारे ३४ ते ३५ अंश तापमान राखतात. थंडीत अंगाची ऊब देऊन, उन्हात पंखांनी वारा घालून आणि पाण्याचे थेंब आणून. झाकण उघडले की ती सारी व्यवस्था विस्कटते आणि ती पुन्हा बसवण्यात त्यांचा वेळ व अन्न खर्ची पडते. हे मला ठाऊक होते. तरीही हात राहत नसे.

मग मुंग्या दिसल्या. मी घरातली मुंग्यांची पावडर पेटीच्या पायांभोवती टाकली. दुसऱ्या दिवशी दाराशी मेलेल्या माशांचा सडा होता. पुढे तळाच्या फळीवर मेणकिड्याची एक अळी दिसली. कपाटातल्या डांबरगोळ्या किड्यांना दूर ठेवतात, म्हणून त्या चार गोळ्या पेटीच्या कोपऱ्यात ठेवल्या. मेण हे वास आणि रसायने सहज शोषून घेते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. मे महिन्यात जांभळाचा मध निघाला, तेव्हा हौसेने मी भरलेली प्रत्येक चौकट रिकामी केली. पाच किलोंच्या आसपास मध भरला. बरण्या उन्हात धरून पाहिल्या. मधाला डांबरगोळीचा पुसट वास येत होता, आणि तो येत नाही असे मी स्वतःला समजावले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागली. आमच्या या पट्ट्यात पाऊस असा की माशांना कित्येक दिवस बाहेर पडता येत नाही, आणि पडता आले तरी फुलोरा नसतो. त्या काळासाठीच त्या मध साठवतात. एका उघडिपीच्या सकाळी पेटी शांत वाटली. झाकण उघडले तर आत एकही माशी नव्हती. पोळी कोरडी, काही अळ्या मेलेल्या. उपासमार झाली, वारंवार त्रास झाला किंवा जागा दूषित झाली की सातेरी घर सोडून जाते. आमच्या पेटीत ही तिन्ही कारणे मीच पुरवली होती.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी कडी लावायची राहिली होती. रिकाम्या पेटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "सारखं सारखं डोकावून बघितलं की पाव्हणा कशाला ऱ्हाईल?" नंतर काही क्षणांनी म्हणाल्या, "मला बी घरी सोड."

त्याच पावसाळ्यात दुसरी चूक उघडकीस आली. मध नैसर्गिक आहे, शिवाय आपल्या डोळ्यांदेखत निघालेला आहे, तेव्हा तो साखरेसारखा अपाय करणार नाही, अशी माझी समजूत होती. मी आत्याबाईंना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मध देत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून विचारले, "आहारात काही नवे सुरू केले का?" मी मधाचे नाव घेतले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मधाच्या दर शंभर ग्रॅममध्ये सुमारे ऐंशी ग्रॅम साखरच असते. ती फुलांतून आली म्हणून शरीर तिला वेगळे मोजत नाही." चहाचा एक चमचा मध म्हणजे साधारण ७ ग्रॅम, सुमारे २० कॅलरी. चार चमचे म्हणजे जवळजवळ २३-२४ ग्रॅम साखर मी त्यांना रोज देत होते, तीही औषध म्हणून. रासायनिक फवारणीविना निघालेला मध निर्दोष असू शकतो, पण मधुमेह्यासाठी तो मोकळा परवाना होत नाही. हे मी कुणाकडून ऐकले असते तर विसरलेही असते. त्या अहवालाने ते कायमचे शिकवले.

अण्णांकडे जाण्याचे धैर्य मला बरेच दिवस झाले नाही. शेवटी गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी दोष दिला नाही. "पेटी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून ठेवा. जुनी पोळी काढून टाका. आतून चांगलं मेण चोळा. यायचं असेल तर त्या येतील," असे म्हणाले. आम्ही पेटी जांभळीखालीच ठेवली. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर एका दुपारी आकाशात मोठा गुंजारव झाला आणि एक थवा पेटीत उतरला. त्यांना कुणी धरून आणले नव्हते. त्या स्वतः आल्या, म्हणून त्यांच्याशी वागताना माझे मन अधिक जपून वागू लागले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे मी जे पाळले ते फार थोडे आणि अगदी साधे आहे. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवल्या. मुंग्यांसाठी तेवढे पुरते. तळाची फळी दर पंधरवड्याला झाडून स्वच्छ करायची, कारण मेणकिडा केरात आणि माशांनी न झाकलेल्या पोळ्यांत वाढतो. पावसाआधी जास्तीची पोळी काढून घ्यायची, म्हणजे उरलेली सर्व पोळी माशांच्या पांघरुणाखाली राहतात. दार अरुंद ठेवायचे, म्हणजे माशांना गांधीलमाशीविरुद्ध पहारा करणे सोपे जाते. आणि झाकण उघडायचे ते कारण असेल तेव्हाच, उन्हाच्या वेळी, आणि थोडक्यात मिटवायचे. बाकीची चौकशी दाराशी बसून होते. पराग आत जात असेल तर पिल्ले वाढत आहेत. मेलेल्या अळ्या बाहेर टाकलेल्या दिसल्या तर आत काही बिघडले आहे. बाहेरून पाहण्यात इतके कळते, हे मला आधी पटत नव्हते.

औषधांचा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. युरोपीय माशी, जी आपल्या देशात १९६० च्या दशकात स्थिरावली, तिला व्हरोआ नावाच्या गोचिडीसारख्या परजीवीचा मोठा उपद्रव होतो. तिच्यासाठी पुष्कळ ठिकाणी कीटकनाशकाच्या पट्ट्या, रोगांसाठी प्रतिजैविके वापरली जातात, आणि काळजी घेतली नाही तर त्यांचे अंश मेणात व मधात उतरतात. आपली सातेरी या परजीवीबरोबर हजारो वर्षे राहिलेली आहे. त्या एकमेकींच्या अंगावरून तो निवडून काढतात. तिला त्या पट्ट्यांची गरज सहसा पडत नाही. मात्र सातेरी अजिंक्य आहे असेही नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्या विषाणूवर औषध नव्हते. ज्या वसाहती आपल्या बळावर तगल्या, त्यांच्यापासूनच पुढे वाढ झाली. म्हणून अण्णा नेहमी म्हणतात की, औषध शोधण्याआधी वसाहत सशक्त आहे का ते बघा. भरपूर अन्न, कोरडी जागा, तरुण राणी आणि कमीत कमी त्रास ही सशक्ततेची चार अंगे.

साखरेच्या पाण्याबद्दलही माझे मत बदलले. पहिल्या अपघातानंतर मी ते सर्वथा त्याज्य मानू लागले होते. पण २०२२ च्या पावसाळ्यात झड लांबली, साठा संपत आला, तेव्हा अण्णांनी मला थोडे पाजायला लावले. "उपाशी मारून नैसर्गिक म्हणवायचं नाही," हे त्यांचे शब्द. मधाचा हंगाम सुरू होण्याच्या खूप आधी ते बंद केले आणि तेव्हाचा साठा काढून घेतला नाही. उपासमारीत साखरपाणी हा आधार असतो. हंगामात तेच दिले तर ती भेसळ होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१० मध्ये बाजारातल्या मधात प्रतिजैविकांचे अंश आणि २०२० मध्ये साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे जाहीर केले होते. ते वाचताना मला माझ्या डांबरगोळ्यांची आठवण होई. मोठ्यांना दोष देणे सोपे असते. आपल्या कपाटातून काय गेले, ते पाहणे अवघड.

पेटी कितीही शुद्ध ठेवली तरी माशी कुंपण मानत नाही. आमच्या खालच्या बाजूस शेजाऱ्यांचे स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत. एका वर्षी सकाळच्या फवारणीनंतर आमच्या दाराशी माशा थरथरत पडलेल्या दिसल्या. मी तावातावाने गेले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वहिनी, कीड लागली तर माझं वर्ष जातं." तेही खरेच होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, या वेळी भांडायला नाही. स्ट्रॉबेरीच्या फुलावर माशी नीट फिरली तर फळ वेडेवाकडे न होता भरदार होते, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यावर बोलणे झाले. तेव्हापासून ते शक्यतो फुलांवर फवारत नाहीत, आणि फवारायचेच तर माशा परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारतात. आदल्या दिवशी निरोप येतो. मे महिन्यात एक बरणी त्यांच्याकडे जाते. रसायनमुक्त मध म्हणजे पुष्कळ अंशी शेजारधर्म आहे, असे आता मला वाटते.

आणि परसदाराची कडी? तिची कथा यानंतरची.

नव्या माशा आल्यावर एका दुपारी मी आत्याबाईंना सोबत घेऊन परसात बसले. त्यांना एकटे आत ठेववत नव्हते म्हणून. चार वाजले, साडेचार वाजले. "घरी सोड" आले नाही. त्या माशांकडे पाहत होत्या, ओठांत काही पुटपुटत होत्या. हिरडा, गेळा, जांभूळ, कारवी. लहानपणी पाठ झालेला फुलोऱ्याचा क्रम त्यांच्या मुखातून आला. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध त्यांच्या वडिलांनी कसा आणला, ते त्यांनी सलग सांगितले. इतके सलग बोलणे मी दोन वर्षांत ऐकले नव्हते. हा उपचार होता असा दावा मी करणार नाही. त्यांचा आजार त्याच्या गतीने पुढे जातच आहे. पण ती वेळ सुखाची गेली, आणि दुसऱ्या दिवशीचीही गेली.

२०२२ च्या एप्रिलमध्ये एक माशी त्यांच्या पदरात अडकली आणि हाताला डसली. मी नखाने खरवडून डंख तात्काळ काढला, कारण तो जितका वेळ राहतो तितके विष आत जाते. थंड पाण्याची घडी ठेवली आणि पुढचा अर्धा-पाऊण तास त्यांच्या श्वासाकडे, ओठांकडे, अंगावर पित्त उठते का याकडे लक्ष ठेवून बसले. हाताला सूज आली, अधिक काही झाले नाही. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सुरू असलेल्या गोळ्यांची यादी तपासली आणि बजावले की श्वास लागणे, घसा वा जीभ सुजणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसायचे नाही, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या काही गोळ्यांमुळे अशी प्रतिक्रिया अधिक अवघड होऊ शकते, म्हणून अशा वृद्धांनी माशांजवळ वावरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घेतलेलेच बरे.

रात्री मुंबईहून दिरांचा फोन आला. "वहिनी, पेट्या काढून टाका. आईला काही झालं तर?" त्यांच्या आवाजात काळजीच होती. मी कडी पुन्हा लावली. पुढचे तीन दिवस चार वाजता आत्याबाई त्या बंद दारापाशी उभ्या राहिल्या. ठोठावले नाही, ओरडल्या नाहीत. दाराच्या फळीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी मी आत बसून त्यांच्या पाठीकडे पाहत होते, आणि एकाएकी मला ती रिकामी पेटी आठवली.

रोज झाकण उघडणारा हात आणि दाराला कडी लावणारा हात एकच होता. एका ठिकाणी मी गरजेपेक्षा जास्त उघडत होते, दुसऱ्या ठिकाणी जास्त बंद करत होते. दोन्हीला मी काळजी हेच नाव दिले होते, आणि दोन्ही ठिकाणी मी जे शमवत होते ती माझी भीती होती. माशांना काय हवे, आत्याबाईंना काय हवे, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

कडी काढली, पण आंधळेपणाने नाही. बाक पेट्यांच्या मागच्या बाजूस हलवला, म्हणजे माशांच्या जाण्या-येण्याच्या वाटेत कुणी येत नाही. पेट्यांसमोर मेंदीची दाट रांग लावली. ती ओलांडताना माशा उंच उडतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. आत्याबाईंना बसताना फिकट रंगाचे लुगडे नेसवते. वासाचे तेल, गजरा त्या वेळी नसतो. ढगाळ, कुंद दिवशी आणि मध काढण्याच्या दिवशी आम्ही बाहेर बसत नाही. उताराच्या बाजूस बांबूचे कुंपण घातले. दिरांना सगळे कळवले. ते दिवाळीत आले, आईच्या शेजारी बाकावर अर्धा तास बसले आणि पेट्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यानंतर आजवर डंख झालेला नाही. उद्या होणार नाही असे मी म्हणत नाही.

आता थोडे मधाविषयी, कारण या पानांचे वाचक मला तेच विचारतील. मेणाने तोंड बंद झालेल्या कप्प्यांतलाच मध पक्व असतो. मी चौकटीचा निदान तीन-चतुर्थांश भाग असा बंद झाल्याशिवाय तो काढत नाही, नाहीतर पाण्याचा अंश जास्त राहून मध आंबतो. काढलेला मध फक्त स्वच्छ कापडातून गाळते, तापवत नाही. थंडीत तो दाणेदार होऊन बसला तर ती भेसळीची खूण नव्हे, मधाचा तो स्वभावच आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा वितळतो. पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवून पाहणे असल्या घरगुती परीक्षांनी मधाची शुद्धता सिद्ध होत नाही. आपल्या ओळखीच्या मधपाळाकडून घेणे आणि तो माशांसाठी किती मागे ठेवतो हे विचारणे, हीच मला त्यातल्या त्यात भरवशाची परीक्षा वाटते. रात्रीच्या कोरड्या खोकल्याला कोमट पाण्यातून चमचाभर मध आराम देतो. पण एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. त्यातील विशिष्ट जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून जिवावर बेतू शकतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांवर घरचा मध लावू नये. रुग्णालयात वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो. आणि मधुमेह्याने मध घ्यायचा तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, दिवसाच्या साखरेत मोजून.

आत्याबाईंना आता रविवारी सकाळी पाव चमचा मध मिळतो. डॉक्टरांनी तेवढी मुभा दिली आहे. त्या तो जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटून बराच वेळ गिळत नाहीत. एक कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते, आणि तिच्या साऱ्या आयुष्याच्या कष्टातून चमच्याचा लहानसा अंशच मध होतो. आत्याबाईंना खाताना पाहिले की तो अंश पुरेसा वाटतो.

यंदाच्या मे महिन्यात दोन पेट्यांतून मिळून साडेचार किलो मध काढला. अजून तीनेक किलो सहज निघाला असता. अण्णा आता काठी टेकत येतात. त्यांनी वरच्या चौकटी तपासल्या, बाजूच्या भरलेल्या चौकटींवरून हात फिरवला आणि काही न बोलता झाकण ठेवले. बरण्या घरात नेत असताना आत्याबाई बाकावरून म्हणाल्या, "त्यास्नी ठेवलंस न्हवं?"

"ठेवलंय, आत्याबाई. पावसापुरतं आहे."

त्यांनी मान हलवली. मी कोण, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होते की नाही, मला सांगता येणार नाही. ऊन कलले होते, माशा परतत होत्या, आणि आमच्या मागे परसदार उघडे होते.